प्रयोगशाळेसाठीचे इंटरल्यूकिन-२ : रेणू उत्तम, माहितीपत्रक अपुरे

जिवाणूंमध्ये तयार केलेले आणि प्रयोगशाळेत टी पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) वाढवण्यासाठी विकले जाणारे मानवी इंटरल्यूकिन-२ आम्ही गेला बराच काळ नियमितपणे वापरत आहोत. त्या उत्पादनाचे हे परीक्षण आहे. कंपनीचे नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण ज्या उणिवांविषयी पुढे लिहिले आहे त्या एकट्या या कंपनीच्या नाहीत. याच सायटोकाइनच्या, म्हणजे पेशींमध्ये संदेश नेणाऱ्या प्रथिनाच्या, इतर उत्पादकांची माहितीपत्रकेही बहुतांशी याच साच्यातली असतात. निष्कर्ष आधीच सांगायचा तर कुपीतील रेणू उत्तम आहे, पण त्याच्याविषयी कंपनी जे सांगते ते अर्धेच आहे. प्रतिकारशक्तीला चेतवणे आणि तिला आवर घालणे ही दोन्ही कामे हा एकच रेणू करतो आणि त्यांपैकी कोणते काम होईल हे बहुतेक वेळा मात्रेवर ठरते. त्यामुळे अर्ध्या माहितीवर आखलेला प्रयोग हवा त्याच्या नेमका उलट परिणाम देऊ शकतो.

आधी वस्तूविषयी. कुपीत ५० मायक्रोग्रॅम शीतशुष्क प्रथिन असते आणि ते तळाशी इतके पातळ पसरलेले असते की पहिल्यांदा पाहणाऱ्याला कुपी रिकामीच वाटावी. झाकण उघडण्यापूर्वी कुपी सेंट्रिफ्यूजमध्ये थोडा वेळ फिरवून घ्यावी, ही सूचना वेष्टनावर ठळकपणे छापलेली आहे आणि ती पाळायलाच हवी. इंटरल्यूकिन-२ हे पाण्याशी फारसे न जुळणारे प्रथिन असल्याने उदासीन आम्लतेच्या बफरमध्ये जास्त प्रमाणात विरघळवले की त्याच्या गुठळ्या होतात. म्हणून ते प्रथम सौम्य ॲसिटिक आम्लात विरघळवून मग पुढे विरल करण्याची पद्धत येथे दिली आहे आणि ती अचूक आहे. हाच रेणू औषध म्हणून अल्डेसल्यूकिन या नावाने मिळतो. त्यात विद्राव्यता टिकवण्यासाठी सोडियम डोडेसिल सल्फेट अगदी थोड्या प्रमाणात घातलेले असते, ते निर्जंतुक पाण्यातच विरघळवावे लागते आणि कुपी जोरात हलवण्याऐवजी हलकेच गोल फिरवायची असते. पेशींच्या संवर्धनासाठी डिटर्जंट नसलेले प्रयोगशाळेतील रूप मला अधिक सोयीचे वाटते, मात्र त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. विरल द्रावणातील प्रथिन प्लॅस्टिकच्या भिंतींना चिकटून राहते आणि नळीत जितके आहे असे आपण समजतो त्याहून कमी पेशींपर्यंत पोहोचते. वाहक म्हणून अल्ब्युमिन मिसळावे, द्रावणाचे लहान भाग करून ते उणे ८० अंशांवर ठेवावेत आणि एकदा वितळवलेला भाग पुन्हा गोठवू नये, ही सारी माहिती पत्रकात आहे. पण अल्ब्युमिनचा उल्लेख शेवटच्या पानावर, सर्वांत बारीक अक्षरांत आहे. तो पहिल्या पानावर असायला हवा होता.

शुद्धतेबाबत तक्रारीला जागा नाही. परिपक्व इंटरल्यूकिन-२ हे १३३ अमिनो आम्लांचे, सुमारे १५.५ किलोडाल्टन वजनाचे, चार सर्पिल भागांनी बनलेले लहान प्रथिन आहे. त्यात ५८व्या आणि १०५व्या सिस्टीनमध्ये एक डायसल्फाइड बंध असतो आणि १२५व्या स्थानावरचे सिस्टीन मोकळे राहते. हे मोकळे सिस्टीन चुकीचे बंध जुळवून रेणू निकामी करू शकते, म्हणून औषधातील रूपात त्याच्या जागी सेरीन घातलेले आहे आणि आमच्या कुपीतील रेणूतही तोच बदल आहे. माणसाच्या पेशीत तयार होणाऱ्या रेणूवर तिसऱ्या स्थानावरील थ्रिओनिनला शर्करा जोडलेली असते, ती ई. कोलायमध्ये बनलेल्या रेणूवर नसते. तिच्यावाचून क्रियाशीलतेत अडचण येत नाही. जिवाणूंतून मिळवलेल्या प्रथिनाबाबत खरी भीती एंडोटॉक्सिनची, म्हणजे जिवाणूंच्या आवरणातील विषारी घटकाची असते, कारण त्याचा अंश राहिला तर मोनोसाइट पेशी स्वतःच वेगवेगळी सायटोकाइन्स सोडू लागतात आणि दिसणारा परिणाम नक्की कशाचा, हे कळेनासे होते. पत्रकात दिलेली मर्यादा एका मायक्रोग्रॅममागे ०.१ एंडोटॉक्सिन एककाहून कमी अशी आहे आणि मोनोसाइट असलेल्या संवर्धनांतही आम्हाला शंका घ्यावी असे काही दिसलेले नाही. याच कुपीवर मानवी आणि उंदराच्या अशा दोन्ही टी पेशी वाढवता येतात, हीदेखील सोयीची गोष्ट आहे. उंदराचे इंटरल्यूकिन-२ मात्र मानवी पेशींवर फारसे चालत नाही.

पहिली मोठी उणीव एककांची आहे आणि तिच्याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे. पत्रकात क्रियाशीलता दिली आहे ती ‘एक मिलिग्रॅममागे १ कोटी एककांहून अधिक’ अशी. हा आकडा येतो कुठून? सीटीएलएल-२ नावाच्या, इंटरल्यूकिन-२वाचून जगू न शकणाऱ्या उंदराच्या टी पेशींवर प्रथिन वेगवेगळ्या मात्रांत घालून त्यांची निम्मी कमाल वाढ कोणत्या मात्रेला होते हे पाहतात. ती मात्रा मिलिलिटरमागे ०.१ नॅनोग्रॅम आली, तर एका मिलिग्रॅममधील दहा लाख नॅनोग्रॅमांना ०.१ने भागून १ कोटी हा आकडा काढतात. म्हणजे हे एकक त्या दिवशीच्या, त्या प्रयोगशाळेतल्या, त्या पेशींच्या प्रकृतीवर अवलंबून असते. आंतरराष्ट्रीय एकक ही वेगळी गोष्ट आहे. ते जागतिक आरोग्य संघटनेच्या ८६/५०० या क्रमांकाच्या प्रमाण नमुन्याशी ताडून ठरते, आणि त्या मापात अल्डेसल्यूकिनच्या १.१ मिलिग्रॅममध्ये १ कोटी ८० लाख एकके असतात. जुन्या शोधनिबंधांत सीटस या कंपनीची एकके भेटतात, ज्यांतील एक म्हणजे जवळपास ६ आंतरराष्ट्रीय एकके. इतकी वेगवेगळी मापे प्रचलित असताना पत्रकात नुसते ‘एकक’ असे छापणे हा निष्काळजीपणा आहे. आम्ही कंपनीला याविषयी विचारले तेव्हा उत्तर सौजन्याने आले, पण त्यात पत्रकातलेच वाक्य पुन्हा लिहिलेले होते.

हा मुद्दा हिशेबाच्या काटेकोरपणापुरता मर्यादित नाही, हे रिसेप्टरची, म्हणजे पेशीवरच्या ज्या प्रथिनाला हा रेणू जोडला जातो त्याची, रचना पाहिली की ध्यानात येते. इंटरल्यूकिन-२चा रिसेप्टर तीन साखळ्यांचा असतो : अल्फा म्हणजे सीडी२५, बीटा म्हणजे सीडी१२२ आणि गॅमा म्हणजे सीडी१३२ (‘सीडी’ आणि क्रमांक ही पेशीच्या पृष्ठभागावरील रेणूंची नावे). पेशीच्या आत संदेश नेण्याचे काम बीटा आणि गॅमा करतात. अल्फा रेणूला पकडून ठेवते आणि बांधणी घट्ट करते. बीटा-गॅमा ही जोडी रेणूला साधारण १ नॅनोमोलर इतक्या प्रमाणात धरते, तर तिन्ही साखळ्या एकत्र असल्या की सुमारे १० पिकोमोलर पुरतात, म्हणजे शंभरपट कमी. औषधाच्या प्रमाणात मोजले तर १० पिकोमोलर म्हणजे मिलिलिटरमागे जेमतेम अडीच आंतरराष्ट्रीय एकके आणि १ नॅनोमोलर म्हणजे सुमारे २५० एकके. आता नेहमीच्या पद्धती पाहाव्यात. साध्या टी पेशी वाढवताना मिलिलिटरमागे २० ते १०० एकके घालतात, कर्करोगाच्या गाठीतून काढलेल्या लसिकापेशी (टी पेशी ज्या गटात मोडतात त्या पांढऱ्या पेशी) वाढवताना ६००० एकके. पहिल्या स्थितीत मुख्यतः सीडी२५ असलेल्या पेशींना लाभ होतो. दुसरीत सीडी२५ असो वा नसो, बीटा-गॅमा जोडी असलेली प्रत्येक पेशी चेतवली जाते. आपण या दोन स्थितींच्या दरम्यान नेमके कोठे आहोत, हे संदिग्ध एककावरून कसे ठरवायचे?

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. ‘कार्य’ या शीर्षकाखाली पत्रकात एवढेच आहे, की इंटरल्यूकिन-२ हा टी पेशींची वाढ घडवून आणणारा घटक आहे. हे वाक्य खोटे नाही. १९७६ साली हा रेणू टी पेशींना संवर्धनात वाढवणारा घटक म्हणूनच प्रथम वर्णिला गेला आणि १९८३ साली त्याचे जनुक वेगळे झाल्यावर तो हवा तेवढा तयार करता येऊ लागला. त्या काळच्या समजुतीनुसार हे जनुक काढून टाकलेला उंदीर प्रतिकारशक्तीच्या बाबतीत दुबळा निघायला हवा होता. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला असे उंदीर तयार झाले तेव्हा त्यांच्या लसिकापेशी बेसुमार वाढल्या, त्यांच्या रक्तातील तांबड्या पेशी त्यांच्याच प्रतिपिंडांनी नष्ट होऊ लागल्या आणि आतड्यांना तीव्र दाह झाला. ज्याला इंधन समजले जात होते ते काढल्यावर आग भडकली, आणि त्याचे कारण १९९५ साली शिमोन साकागुची यांनी दाखवलेल्या सीडी४ व सीडी२५ धारण करणाऱ्या नियामक, म्हणजे प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या, टी पेशींमध्ये सापडले. पुढे या पेशींचा कारभार फॉक्सपी३ या जनुकावर चालतो हे उलगडले आणि या सर्व कामासाठी २०२५ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मेरी ब्रंकाव, फ्रेड राम्सडेल आणि साकागुची यांना मिळाले. रेणूच्या या दुसऱ्या कामाचा मागमूसही पत्रकात नाही.

नियामक पेशींची गोष्ट अशी, की त्यांच्यावर सीडी२५ सदैव भरपूर असते, पण त्या स्वतः इंटरल्यूकिन-२ बनवत नाहीत. फॉक्सपी३ ते जनुक दाबून ठेवते. म्हणजे त्यांचे जगणे शेजारच्या पेशींनी सोडलेल्या इंटरल्यूकिन-२वर चालते. पाटाचे पाणी जसे आधी तोंडाशी असलेला वाफा पितो, तसे थोडे इंटरल्यूकिन-२ असेल तर ते या पेशीच घेऊन टाकतात, आणि त्यामुळे इतर टी पेशींना ते कमी पडते. त्यांचा दाब टाकण्याचा हा एक मार्गच आहे. चेतवलेल्या साध्या टी पेशीही काही तासांत सीडी२५ वाढवतात आणि मग त्याही या स्पर्धेत उतरतात. शिवाय रेणू स्वतःवरही लगाम ठेवतो : रिसेप्टरला लागलेले जेएके१ आणि जेएके३ हे एन्झाइम स्टॅट५ या संदेशवाहक प्रथिनाला चेतवतात, स्टॅट५मुळे पुढे ब्लिम्प-१ हे प्रथिन वाढते आणि ब्लिम्प-१ इंटरल्यूकिन-२चेच जनुक आवरते. एका सायटोकाइनमध्ये इतकी नियंत्रणे एकत्र बांधलेली असताना त्याला केवळ ‘वाढीचा घटक’ म्हणून विकणे मला अपुरे वाटते.

कुपीची परीक्षा घेताना आम्ही याच गुणाचा आधार घेतला, आणि नवा लॉट, म्हणजे उत्पादनाची नवी खेप, आला की आजही घेतो. रक्तातून वेगळ्या केलेल्या पेशींवर प्रथिन क्रमाने विरल करत पंधरा मिनिटे ठेवायचे, पेशी लगेच स्थिर करायच्या आणि फॉस्फेट लागलेले, म्हणजे चेतवलेले, स्टॅट५ फ्लो सायटोमीटर या एकेक पेशी तपासणाऱ्या यंत्रावर मोजायचे. वाढ मोजण्याच्या चाचणीला काही दिवस लागतात आणि तीत पेशींची प्रकृती लुडबुड करते. ही चाचणी एका दिवसात संपते. चांगल्या लॉटमध्ये दिसणारा क्रम स्पष्ट असतो : सर्वांत कमी मात्रेला नियामक पेशी उजळतात, त्यांच्या मागोमाग सीडी५६ ठळक असलेल्या नैसर्गिक मारक पेशी, ज्यांच्यावरही सीडी२५ असते, आणि विश्रांत सीडी८ पेशी (मारक टी पेशी) व बहुसंख्य इतर मारक पेशी बऱ्याच वरच्या मात्रेला. सुरुवातीच्या दोन गटांमधले आणि शेवटच्या गटातले अंतर टिकून असेल तर प्रथिन नीट घडलेले आहे, असे मी धरतो. या कसोटीवर हे उत्पादन चांगले उतरले. लॉटनुसार वक्र किंचित इकडेतिकडे सरकला, पण क्रम मोडला नाही. पत्रकात अशी एक आकृती असती तर वापरणाऱ्याला एककांच्या घोळातून निम्मी सुटका मिळाली असती.

दीर्घ संवर्धनातील अनुभवही समाधानकारक आहे. सीडी३ आणि सीडी२८वर काम करणाऱ्या प्रतिपिंडांनी चेतवलेल्या टी पेशी याच्या सोबतीने ठळक पुंजके करतात, आकाराने फुगतात आणि दर दोन-तीन दिवसांनी ताजे इंटरल्यूकिन-२ मिळत राहिले तर व्यवस्थित वाढतात. ते थांबवले की लवकरच मरू लागतात. मात्र जास्त मात्रा म्हणजे जास्त पीक, असे समजू नये. भरपूर इंटरल्यूकिन-२मध्ये वाढलेल्या टी पेशींना पुन्हा प्रतिजनाचा जोरदार संकेत मिळाला तर त्या फास या मृत्यूचा संदेश देणाऱ्या रिसेप्टरच्या मार्गाने मरतात, आणि हाही या रेणूच्या नियामक कामाचाच भाग आहे. सीडी८ पेशींना वरच्या मात्रेत फार काळ ठेवले तर त्या मारक कामाकडे झुकतात आणि दीर्घायुषी स्मृतिपेशींचे गुण गमावतात. ज्यांना असे गुण हवे असतात ते इंटरल्यूकिन-७ आणि इंटरल्यूकिन-१५ वापरतात. दाह वाढवणाऱ्या टीएच१७ पेशी किंवा बी पेशींना मदत करणाऱ्या फॉलिक्युलर टी पेशी तयार करायच्या असतील तर ही कुपी बाजूला ठेवलेलीच बरी, कारण इंटरल्यूकिन-२ या दोन्ही वाटा अडवते. पत्रकातील ‘सर्व टी पेशींच्या संवर्धनासाठी उपयुक्त’ हे वाक्य त्यामुळे सरळ चुकीचे आहे. नियामक पेशी मोजणाऱ्यांसाठी आणखी एक इशारा हवा होता : मानवी साध्या टी पेशीही चेतवल्यावर काही काळ फॉक्सपी३ दाखवतात, आणि नियामक पेशी ओळखताना जे कमी असणे अपेक्षित असते ते सीडी१२७ इंटरल्यूकिन-२मुळे एरवीही उतरते, म्हणून संवर्धनाच्या ऐन भरात या खुणांवर विसंबून काढलेली टक्केवारी विश्वासार्ह नसते. तिथे या पेशी इतरांना खरोखर दाबतात का, याची प्रत्यक्ष चाचणी करण्यावाचून पर्याय नाही.

हे सारे प्रयोगशाळेपुरते आहे, असे कोणी म्हणेल. पण औषध म्हणून या रेणूचा जो इतिहास आहे तोही हेच सांगतो. अमेरिकेत अल्डेसल्यूकिनला १९९२ साली पसरलेल्या मूत्रपिंडाच्या कर्करोगासाठी आणि १९९८ साली पसरलेल्या मेलानोमासाठी (त्वचेचा एक कर्करोग) मान्यता मिळाली. या उपचारात दर किलोग्रॅम वजनामागे ६ लाख आंतरराष्ट्रीय एकके दर आठ तासांनी दिली जातात. जेमतेम १५-१६ टक्के रुग्णांच्या गाठी आटोक्यात आल्या, त्यांतील थोड्यांच्या पूर्ण नाहीशा झाल्या, आणि त्यासाठी केशवाहिन्यांतून द्रव झिरपून रक्तदाब कोसळण्याचा गंभीर धोका पत्करावा लागला. याउलट २०११ साली प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांत, अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतरच्या चिवट दाहावर आणि हेपटायटिस-सीमुळे झालेल्या रक्तवाहिन्यांच्या दाहावर, हेच औषध अल्प मात्रेत दिल्यावर नियामक पेशी वाढल्या आणि बऱ्याच रुग्णांना उतार पडला. पहिल्या अभ्यासात रुग्णांना सोसलेली मात्रा होती शरीराच्या एका चौरस मीटर पृष्ठभागामागे दिवसाला १० लाख एकके. ७० किलोग्रॅमच्या माणसासाठी हिशेब केला तर कर्करोगातील दिवसाची मात्रा तिच्या साठपटींहून अधिक भरते. कुपी तीच, आणि उद्देश परस्परविरुद्ध. एचआयव्हीबाधितांच्या दोन मोठ्या चाचण्यांत या औषधाने सीडी४ पेशींची संख्या वाढली, पण २००९ साली निष्कर्ष हाती आले तेव्हा संधिसाधू आजार किंवा मृत्यू कमी झाल्याचे दिसले नाही. नुसती संख्या मोजणे पुरेसे नाही, हे त्यातून कळते. उलट दिशेचा दाखलाही आहे. सीडी२५ला अडवणारे डॅक्लिझुमॅब हे प्रतिपिंड मल्टिपल स्क्लेरोसिससाठी दिले जात होते आणि मेंदूच्या गंभीर दाहाच्या घटनांनंतर ते २०१८ साली बाजारातून मागे घेण्यात आले.

पाचपैकी मी या उत्पादनाला साडेतीन गुण देतो. प्रथिनापुरते पाहिले तर साडेचार द्यायला हरकत नाही. बाकीचे गुण पत्रकाने घालवले. चेतवलेल्या टी पेशी वाढवणे, नैसर्गिक मारक पेशी जोपासणे किंवा नियामक पेशींची संख्या वाढवणे हे काम असेल आणि मात्रा स्वतः जुळवून घेण्याची तयारी असेल तर ही कुपी खुशाल घ्यावी. प्रयोगाचे निष्कर्ष पुढे रुग्णांवरील वापराशी जोडायचे असतील तर उपचारासाठीच्या दर्जाचा आणि आंतरराष्ट्रीय एककांत मोजलेला माल मागावा, कारण प्रयोगशाळेतील या कुपीवर केवळ संशोधनासाठी असा शिक्का आहे आणि तो योग्यच आहे. विद्यार्थ्यांच्या हाती ती देताना पत्रकातील ‘कार्य’ हा परिच्छेद वाचायला लावण्याऐवजी शेजारी बसून रिसेप्टरच्या तीन साखळ्या कागदावर काढून दाखवाव्यात. कंपनीला एकच विनंती आहे : पुढच्या आवृत्तीत प्रत्येक लॉटची क्रियाशीलता ८६/५००शी ताडून छापावी, आणि स्टॅट५चा मात्रानुसार वक्र नियामक पेशी व साध्या टी पेशींसाठी वेगवेगळा द्यावा. तोवर नवा लॉट उघडल्यावर जुन्या लॉटचा एक गोठवलेला भाग शेजारी ठेवून दोन्हींची तुलना करावी आणि मगच महत्त्वाच्या पेशींना हात लावावा.